तिसरी टोपी, ठीक!

मी बोलावं की नाही, याचा फार दिवस विचार केला. ज्यांनी आयुष्यात काही मोठं केलं त्यांनी आपली कहाणी सांगावी. मी काय सांगणार? मी एक रबराची टोपी. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघडी. कुणाच्या डोक्यावरची नव्हे, मोटारसायकलच्या कार्बोरेटरपाशी असलेल्या एका नळीवरची. सध्या एका दुकानाच्या किल्लीला दोरीने लटकलेय. बघणाऱ्याला वाटतं, शोभेला बांधलीय. तसं नाही हो. मला तिथे का बांधलं हे सांगायचं म्हणजे माझी लाज मीच चव्हाट्यावर मांडायची. पण पोटात ठेवून ठेवून आता जड झालंय, आणि माझं पोट ते केवढं!

माझा जन्म झाला एका रबराच्या कारखान्यात. एका साच्यातून एकदम शंभर जणी बाहेर पडलो, सगळ्या सारख्या काळ्या, सारख्या गुळगुळीत. कडेला चिकटलेलं जास्तीचं रबर कापायला बायका बसायच्या. त्यांतली एक जाड चष्म्याची बाई प्रत्येकीला बोटांत धरून एकदा दाबायची, उजेडाकडे करून बघायची आणि मगच डब्यात टाकायची. दिवसाला हजारो टोप्या तिच्या हातून जात असतील. पण न दाबता तिने एकीलाही सोडलं नाही. तेव्हा मला तिचा राग यायचा. एवढं काय तपासायचं, चोर आहोत का आम्ही?

आता ती बाई आठवली की मान वर होत नाही.

तर माझं काम सांगते. चार सिलिंडरच्या मोटारसायकलला चार कार्बोरेटर असतात, एका ओळीत. इंजिनाने किती हवा प्यायची आणि किती पेट्रोल, ते कार्बोरेटर ठरवतात. प्रत्येक कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये एक बारीक नळी वर आलेली असते. चौघं सारखंच ओढतात की एखादा कामचुकारपणा करतोय, हे बघायचं असलं की त्या नळ्यांना मीटर लावतात. एरवी त्या बंदच हव्यात. एका नळीला पेट्रोलच्या कॉककडे जाणारा पाइप असतो, उरलेल्या तिघींवर आम्ही तिघी टोप्या. मी तिसरी. माझं काम एवढंच, की तोंड घट्ट धरून बसायचं आणि चोरून हवा आत जाऊ द्यायची नाही.

हसू नका, सोपं वाटलं तरी आत इंजिन सतत ओढत असतं. शिवाय खाली भट्टीसारखी धग आणि वर पेट्रोलची वाफ. त्या जागी मी पंचवीस वर्षं काढली. पहिली वीस वर्षं इमानाने काढली, एवढं मात्र म्हणू द्या मला.

आमची गाडी होती जपानच्या हामादा बंदरातल्या ह्योदोची. ह्योदो म्हणजे मासळीबाजारातला खरेदीदार. भल्या पहाटे लिलाव सुरू झाला की हा जाळीदार टोपी घालून पुढे उभा. लिलावात तोंडाने बोली लावायची नाही, बोटांनी लावायची. कुणाला कळायच्या आत बोटं उघडतात, मिटतात आणि लाल मासळीची पेटी आपली होते. ह्योदोचा उजवा हात सगळ्या बंदरात नावाजलेला. लोक म्हणायचे, ह्योदोच्या तोंडापेक्षा त्याची बोटं खरं बोलतात.

गाडीचं सगळं काम ओकिमोतोच्या दुकानात व्हायचं. ओकिमोतो शिगेहारु. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, आवाज मात्र बोटीच्या भोंग्यासारखा. तरुणपणी तो रेल्वेच्या कारखान्यात होता. तिथे प्रत्येक कामावर बोट रोखून मोठ्याने म्हणायची शिस्त असते. ब्रेक, ठीक! सिग्नल, ठीक! डोळा, बोट आणि तोंड तिन्ही एका ठिकाणी आलं, म्हणजे चूक होत नाही. रेल्वे सुटली, पण ही सवय त्याच्या हाडात राहिली. घरातून निघताना गॅसच्या शेगडीवर बोट रोखायचा: "शेगडी, ठीक!" बायको होती तोवर तिच्याकडेही बोट दाखवायचा म्हणे. "बायको, ठीक!" ती म्हणायची, "माझं ठीक आहे, तुमच्या डोक्याचं बघा."

दुकानात दुसरी होती कानाए. वय एकेचाळीस. आधी ती माशांच्या वड्यांच्या कारखान्यात होती. अकरा वर्षांपूर्वी आपली पडीक स्कूटर दुरुस्त करायला आली आणि ओकिमोतो उस्तादाच्या हाताकडे बघत दिवसभर तिथेच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. उस्तादाने विचारलं, "आता काय मोडलं?" ती म्हणाली, "काही नाही. बघायला आले." तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातात पाना दिला.

या कानाएला दुकान द्यायचं, हे उस्तादाने पक्कं केलं होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. "नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी किल्ली तुझ्या हातात," असं त्याने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. बंदरातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. बाईमाणूस इंजिन उघडणार? ओकिमोतो म्हणायचा, "तुमचं इंजिन तीच उघडते गेली पाच वर्षं. चाललं ना? मग गप्प बसा."

दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीच्या आधी आम्हाला काढायचे. टाकी उतरवायची, पकडीने माझ्या मानेची क्लिप दाबून मागे सरकवायची. मग ओढायचं नाही, आधी फिरवायचं. वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं रबर सरळ ओढलं तर मान तुटते. आम्हा तिघींना चटणीच्या एका टवका उडालेल्या बशीत ओळीने ठेवायचे. मीटरचे चार काटे एका रेषेत आले की पुन्हा ज्याची त्याची टोपी ज्याच्या त्याच्या डोक्यावर.

लावायची तऱ्हा दोघांची वेगळी. उस्ताद टोपी आधी जिभेवर फिरवायचा. थुंकीने रबर ओलं झालं की सुळकन बसतं. त्याच्या जिभेला आलुबुखाराच्या लोणच्याची आंबट चव असायची, ती मला पाठ आहे. मग क्लिप पुढे, बोट रोखून भोंगा: "पहिली टोपी, ठीक! दुसरी टोपी, ठीक! तिसरी टोपी, ठीक!"

कानाए पाण्यात बोट बुडवायची. आणि लावायच्या आधी प्रत्येकीला दाबायची, वाकवायची, मान उजेडात फिरवून बघायची. अगदी त्या चष्मेवाल्या बाईसारखी.

"अगं, रबराशी लग्न लावतेस का?" उस्ताद ओरडायचा.

"लग्नात तरी एवढं कुठे बघतात, उस्ताद," ती म्हणायची आणि तिच्याच चालीने बघत राहायची. सगळं झालं की हळू आवाजात "ठीक" म्हणायची. तिचं "ठीक" शेजारच्या गाडीलाही ऐकू जात नसे.

आता मुद्द्यावर येते. येताना पाय अडखळतात, पण येते.

विसाव्या वर्षानंतर माझ्या मानेत एक चीर पडली. केसाएवढी. अगदी क्लिपच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशी. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हादरले. मग मनाला समजावलं, एवढ्याने काय होतंय? क्लिप आहे ना दाबून धरायला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या दोघींना मी कळू दिलं नाही. थंडीत मी आक्रसून बसायची, म्हणजे चीर मिटायची. सरळ फाटून पडले असते तर कुणीतरी बदलली असती. पण जागा सुटली नाही हो माझ्याच्याने. पंचवीस वर्षांची जागा! काढून टाकलेल्या टोप्या कुठे जातात ते बशीत पडल्या पडल्या मी पाहिलं होतं. कचऱ्याच्या डब्यात, तेलकट चिंध्यांखाली.

त्या नोव्हेंबरात गाडी दुकानात आली. कानाएने चारही कार्बोरेटर उतरवून साफ केले, जुळवले, काटे एका रेषेत आणले. हँडलला लटकलेल्या कामाच्या चिठ्ठीवर आपल्या नावाचा शिक्का मारला. त्या दुकानात शिक्का ज्याचा, काम त्याचं. मग तिने बशीतून आम्हाला उचलून दाबायला सुरुवात केली. माझ्यापाशी आली आणि थांबली.

"उस्ताद, हिच्या मानेत काहीतरी लागतंय बोटाला."

"काय लागतंय? म्हातारपण! माझ्याही मानेत लागतं."

"नवीन मागवल्यात तिन्ही. तीन-चार दिवसांत येतील. तोवर गाडी राहू दे."

"बरं बाई, राहू दे," उस्ताद म्हणाला.

मी बशीत पडून ऐकत होते. दुपारी वरच्या वाडीत कुणाचीतरी स्कूटर बंद पडली म्हणून कानाए छोटा ट्रक घेऊन गेली. संध्याकाळी ह्योदो आला. लाल मासळीचा हंगाम जोरात होता, आणि पहाटे बाजारात तो गाडीनेच जायचा.

"झाली का रे माझी राणी? का म्हातारपणी तुझ्याच प्रेमात पडली?"

"झालीच म्हण," उस्ताद म्हणाला. "टोप्या तेवढ्या लावायच्यात."

कोपऱ्यात टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या चालल्या होत्या. दिवसाची शेवटची लढत. दोघेही तिकडे मान वळवून. उस्तादाने मला उचललं. जिभेवर फिरवलं. त्याची बोटं हल्ली बधिर झाली होती, त्याला चीर लागली नाही. नळीवर दाबताना माझी मान आणखी तडकली, मला स्पष्ट कळलं. क्लिप वर आली. टीव्हीवर दोन पहाड एकमेकांवर आदळले, ह्योदो ओरडला, "ढकल, ढकल त्याला!" आणि उस्तादाने डोळे पडद्यावर ठेवून बोट माझ्याकडे केलं.

"तिसरी टोपी, ठीक!"

काय सांगू, मला बरं वाटलं! माझी चीर फाटून रुंद झाली होती आणि मी त्या "ठीक"ने फुलून गेले. एवढा मोठा उस्ताद म्हणतो ठीक, मग असेन मी ठीक. ज्याच्यावर आपला काडीचाही हक्क नाही ती शाबासकी मी गिळली, आणि ढेकरसुद्धा दिली नाही.

गाडी सुरू करून बघितली. थंड इंजिन, मी आक्रसलेली, आवाज गोड. ह्योदो गेला. काळोख पडता पडता कानाए परतली.

"ह्योदोशेठची गाडी कुठाय?"

"नेली त्याने."

"आणि टोप्या?"

"लावल्या मी. ठीक म्हटलं. वाडीपर्यंत ऐकू नाही आलं?"

कानाए ट्रकमधली हत्यारं उतरवायला गेली. उस्तादाने ठीक म्हटल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडायचं. त्या दुकानात ते कुणी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे. ह्योदो बंदराच्या रस्त्याने निघाला. इंजिन तापलं तशी मी सैल पडले. चीर उघडली आणि माझ्यातून हवा आत शिरायला लागली. हिस्स, हिस्स. माझा आयुष्यातला एकुलता एक आवाज, आणि तोही पापाचा. तिसऱ्या सिलिंडरला हवा जास्त, पेट्रोल कमी. बाजाराच्या वळणावर ह्योदोने रेस सोडली, पण इंजिन खाली येईना. ते आपलं वरच्या वर गरगरत राहिलं, गाडी पुढे ओढत राहिली. ओला रस्ता, मासळीचं पाणी. गाडी आडवी झाली आणि रिकाम्या पेट्यांच्या ढिगात घुसली. ह्योदोने पडताना उजवा हात टेकला.

मनगट मोडलं. उजवं. बोली लावायचं. आणि हंगाम ऐन भरात.

दुपारी गाडी ट्रकवरून दुकानात आली. मागोमाग ह्योदो, हात गळ्यात, प्लास्टर कोपरापर्यंत.

"ओकिमोतो! रेस सोडली तरी इंजिन बोंबलतंय! ही दुरुस्ती केलीस का माझा खून करायला घेतलास?"

 उस्ताद कानाएकडे वळला. त्याच्या मनात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. एकदा तोंडाने ठीक म्हटलं की त्याच्या लेखी ते ठीकच असायचं. टोप्या ठीक होत्या, मग चूक जुळवण्यात.

"कार्बोरेटर कुणी जुळवले?"

"मी," कानाए म्हणाली.

"शिक्का कुणाचा?"

"माझा."

"मग बघतेस काय? ह्योदोचा हात गेला!"

कानाएने एकदा उस्तादाकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. टोप्या तुम्ही लावल्यात उस्ताद, मी थांबा म्हटलं होतं. चार शब्द फक्त. ती कमरेतून वाकली आणि तशीच राहिली. "माझी चूक, ह्योदोशेठ. माफ करा."

मी तिथेच होते, हातभर अंतरावर. ओरडावंसं वाटत होतं, अगं मी, मी! पण इंजिन बंद होतं. इंजिन बंद असलं की मला आवाज नाही. नको तेव्हा हिसहिसले आणि हवं तेव्हा मुकी झाले.

"बाईच्या हाती दिलंस ना, भोग आता," ह्योदो म्हणाला आणि गेला. उस्तादही मागच्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, "किल्लीचं यंदा राहू दे." त्याचा भोंगा तेव्हा पहिल्यांदाच बसला होता.

कानाएने गाडी उभी केली, टाकी उतरवली, बाटलीने पेट्रोल दिलं आणि इंजिन तापू दिलं. मग फवाऱ्याचा डबा घेऊन एकेका जोडावर थोडं थोडं मारत आली. जिथून हवा चोरून आत जाते तिथे फवारा पडला की इंजिनाचा सूर बदलतो. पहिलीवर मारलं, काही नाही. दुसरीवर, काही नाही. माझ्यावर मारलं आणि इंजिन एकदम घोगरलं. चोर सापडला.

तिने इंजिन बंद केलं. क्लिप सरकवली, मला हळूच फिरवून काढलं आणि दाबलं. माझी चीर तोंडासारखी उघडली. कानाए कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला मुठीत धरून मागच्या खोलीत जाणार. जायलाच हवं होतं. तिने मला कामाच्या अंगरख्याच्या वरच्या खिशात टाकलं आणि वरून बटण लावलं.

त्याच खिशात बसून मी ह्योदोच्या दारात गेले. कानाएने मिठाईचा खोका नेला होता, माफी मागायला जाताना नेतात तसा, नीट कागदात बांधलेला. दार ह्योदोच्या बायकोने उघडलं.

"वहिनी, माझ्या कामातल्या चुकीमुळे..." कानाए बोलायला लागली.

"त्या खोक्याचं काय करू? डाव्या हाताने भरवू त्यांना?" वहिनी म्हणाल्या. "उजव्या हाताशिवाय त्या माणसाला बाजारात कोण उभं करतं, ठाऊक आहे तुला?"

"हो, वहिनी."

"चूक तुझीच ना?"

 पुरावा तिच्या छातीवर होता, बटण काढायचा अवकाश. "माझीच," ती म्हणाली. वहिनींनी खोका घेतला नाही. तिने तो उंबऱ्यावर ठेवला आणि परत वाकली.

माझ्यासारख्या फाटक्या रबरासाठी नव्हे, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या त्या "ठीक"साठी तिने हे केलं. चाळीस वर्षं बंदराने त्या "ठीक"वर गाड्या चालवल्या होत्या. ते एकदा खोटं पडलं असतं, तर म्हातारा उभ्या उभ्या खचला असता. म्हणून तिने आपलं नाव पुढे केलं. आणि मी, खरी गुन्हेगार, खिशात उबेला बसलेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. मला तर जमीनही नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवीन टोप्या टपालाने आल्या. कानाएने त्या दाबून, बघून लावल्या, माझ्या जुन्या दोन सोबतिणी बशीत ठेवल्या आणि आपला हत्यारांचा खण रिकामा करायला घेतला. एकेक पाना पुसून कापडात गुंडाळत होती. उस्ताद बाहेर आला. खणाकडे बघितलं. सवयीने बशीकडे बोट केलं.

"जुनी पहिली, ठीक. जुनी दुसरी, ठीक. जुनी..." बोट हवेत थांबलं. "तिसरी कुठाय?"

"टाकली," कानाए म्हणाली.

"टाकली?" उस्ताद तिच्याकडे बघत राहिला. "अकरा वर्षांत तू झिजलेला वॉशर टाकला नाहीस. डबे भरून ठेवलेस. आणि टोपी टाकलीस?"

कानाए पाना पुसत राहिली. उस्तादाने तळहात पुढे केला.

"आण."

"उस्ताद, नको."

"आण म्हणतो ना, पोरी."

खिशाचं बटण निघालं. मी त्याच्या तळहातावर पडले. त्याने मला उजेडाकडे धरलं, अंगठ्याने दाबलं. मी लपायची शर्थ केली, हे कबूल करते. त्या क्षणीही मी चीर मिटून घ्यायला बघितलं. पण ती उघडलीच, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

दुकानात टीव्ही बंद होता. उस्ताद टीव्हीकडे बघायला लागला. मग माझ्याकडे. मग पुन्हा टीव्हीकडे. त्याला सगळं आठवलं, हे मला कळलं.

"ही मी लावली."

"शिक्का माझा आहे, उस्ताद."

"शिक्का तुझा. थुंकी माझी," तो म्हणाला. "तू थांब म्हणाली होतीस."

"मीही परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

"मला? मला विचारायची सोय ठेवली होती का मी कुणाला?"

तो स्टुलावर बसला. मला मुठीत इतकं घट्ट धरलं, की त्याच्या तळव्याचा घाम माझ्यात उतरला. मी एकटीच लाजतेय असं मला इतके दिवस वाटत होतं. आता दोघं झालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मासळीबाजारात गेला. मी मुठीत. लिलाव सुरू व्हायचा होता. खरेदीदार जमले होते, ह्योदोही होता, मागे, भिंतीला टेकून, नुसता बघायला आलेला. उस्ताद त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. मला डाव्या तळहातावर ठेवलं, उजव्या हाताचं बोट रोखलं आणि त्या ओल्या छपराखाली भोंगा वाजला.

"तिसरी टोपी, ठीक नव्हती!"

बर्फ फोडणाऱ्यांचे हात थांबले.

"लावणारा, ओकिमोतो! न बघता ठीक म्हणणारा, ओकिमोतो! कानाएचं काम, ठीक!" श्वास घेतला आणि पुन्हा म्हणाला, कारण त्याला वाटलं मागच्यांना ऐकू गेलं नाही. "कानाएचं काम, ठीक!"

मग तो वाकला. गुडघे टेकले, त्या मासळीच्या पाण्यात कपाळ टेकलं. मी त्याच्या मुठीत, खाली फरशीवर. चाळीस वर्षं या बंदरात ताठ मानेने फिरलेला माणूस माझ्यामुळे त्या घाणीत होता. त्याहून जास्त लाज मला पुढे कधी वाटली नाही, आणि वाटायची जागाही उरली नाही.

ह्योदो भिंतीपासून पुढे आला. मग म्हणाला, "ऊठ म्हाताऱ्या. लोकांना वाटेल तुझाच लिलाव चाललाय." आणि डाव्या हाताचं एक बोट वर केलं. "एक येन! कुणी जास्त देतंय का?"

कुणीतरी हसलं. उस्ताद उठेना. तेव्हा ह्योदोने तोच डावा हात त्याच्या काखेत घालून त्याला उभं केलं. "कानाएला सांग, खोका आत घेतलाय," तो हळू म्हणाला. "मिठाई बरी होती."

सगळं गोड झालं असं समजू नका. ह्योदोचं मनगट जुळलं, पण तर्जनी पूर्वीसारखी उघडत नाही. अंगठा आणि तर्जनी उघडून सातची खूण करतो, ती नुसत्या अंगठ्याच्या सहासारखी दिसते. लिलाववाला विचारतो, "सहा की सात?" ह्योदो म्हणतो, "ओकिमोतोच्या टोपीला विचार!" बाजार हसतो. मी किल्लीवर लटकलेली ते ऐकते.

हो, किल्ली. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी उस्तादाने ती कानाएच्या हातात दिली. माझ्या बंद टोकाला भोक पाडून दोरी ओवली होती आणि मला किल्लीला बांधलं होतं. कानाए म्हणाली, "ही कशाला, उस्ताद?"

"दुकानाबरोबर माझी चूकपण घे," तो म्हणाला. "नुसतं दुकान घेतलंस तर माझ्यासारखी होशील."

उस्ताद अजून येतो दुकानात. टोपी जिभेवर फिरवून लावतो, बोट रोखतो, पण ओरडत नाही. कानाएकडे बघत उभा राहतो. ती येते, दाबून बघते. कधी म्हणते ठीक. कधी म्हणते, "नाही उस्ताद, परत लावा." आणि तो परत लावतो.

माझं सांगून झालं. मागायचा हक्क मला नाही, तरी एक मागते. कुणाकडे बोट दाखवून ठीक म्हणायच्या आधी त्याला एकदा दाबून बघा हो. आणि आत चिरलेलं कुणी असेल, तर माझ्यासारखं आक्रसून बसू नका. वेळेवर फाटलेलं बरं.

रोज सकाळी शटरपुढे उभी राहून कानाए मला अंगठ्याखाली धरते आणि दाबते. माझी चीर उघडते. ती बघते, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा त्या तिच्या आवाजात म्हणते, "ठीक नाही."

मग कुलूप उघडते.